काटकसर एकट्याने होत नाही

घरावर वाईट दिवस आले की तीन सल्ले हमखास मिळतात. खर्च आवरा. चार माणसांत मिसळा, मन हलके होईल. आणि हल्लीचा तिसरा: एखादे जनावर पाळा, जीव रमतो. पहिला सल्ला पैशाचा, दुसरा मनाचा, तिसरा हौसेचा, अशी वाटणी सगळ्यांनी मनाशी करून टाकली आहे. मला ही वाटणी उथळ वाटते. ती तोट्याचीही आहे, कारण तीन गोष्टी वेगळ्या मानल्या की पहिली करताना माणूस उरलेल्या दोन्हींना कात्री लावतो. पाहुणा टाळतो. नात्यातल्या लग्नाला जात नाही. शेजारच्या बारशाला रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून घरीच बसतो. शेळी विकतो, कुत्र्यापुढचा भाताचा घास बंद करतो. महिनाअखेर चार पैसे उरलेले दिसतात, आणि पुढचे संकट येते तेव्हा दारात कुणी नसते.

माझे म्हणणे असे की काटकसर, मैत्री आणि दारातले जनावर या एकाच व्यवस्थेच्या तीन बाजू आहेत. तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: आज हाताशी जे थोडे जास्तीचे आहे ते उद्याच्या अडीनडीसाठी ठेवायचे कुठे? गावाने त्याला तीन जागा शोधल्या. एक घरातली कणगी, दुसरी शेजाऱ्याचे घर, तिसरी जनावराचे जिवंत अंग. यांतली एकही जागा एकटी पुरत नाही. एक भरण्यासाठी बाकीच्या दोन मोडणे म्हणजे आपल्याच हाताने आपल्या ठेवी बुडवणे. गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या जंगलकाठच्या गावाकडे पाहत मी हे मांडते आहे. पुण्या-नागपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहून हप्ते फेडणाऱ्या घरालाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

१. टंचाईलाही पंचांग असते

शहरातल्या लिखाणात कठीण काळ अचानक येतो. नोकरी जाते, आजार निघतो. केशोरीकडे तसे दिवस आहेतच, पण त्याआधी ठरलेले दिवस आहेत. हा धानाचा मुलूख. पाऊस पडला की परे टाकायचे, जुलै-ऑगस्टात रोवणी, हलके धान दिवाळीच्या सुमाराला, भारी धान त्याहून उशिरा. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचे पाणी ज्यांच्या बांधीला पोचते त्यांना उन्हाळी धान घेता येते. बाकीच्यांना धानाचे एकच पीक, त्याच्या ओलीवर लाखोरी, जवस, हरभरा, आणि जमेल त्याला मिरची. पूर्व विदर्भात केशोरीचे नाव मिरचीमुळेच घेतले जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा.

या चक्रात रोवणी संपल्यापासून नवे धान घरात येईपर्यंतचा काळ सगळ्यात आटलेला. बियाणे, खत, चिखलणीच्या ट्रॅक्टरचे भाडे, पोरांच्या वह्या, हे सगळे त्याआधीच्या दोन महिन्यांत गेलेले असते. रोवणीची मजुरी संपलेली असते. हिवतापाचे दिवसही हेच. धान निघाले तरी खरेदी केंद्रावर मोजून दिल्यापासून खात्यात पैसा येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात दुकानदार, खतवाला, बचत गटाची किस्त दारात उभी असते.

अडचण ठरल्या वेळी येते, म्हणून तिची तयारीही ठरल्या वेळी करावी लागते. मार्चमधल्या मोहफुलाचा भाद्रपदातल्या तापाशी संबंध असतो. काटकसर म्हणजे मनाचा संयम, इच्छा मारणे, असे जे आपण पोरांना शिकवतो त्यात ही काळाची जाण कुठेच नसते. ज्या बाईला ऑगस्टात काय लागेल ते फेब्रुवारीत दिसते तिच्याकडे एक विद्या आहे. तिला आपण ‘बिचारी काटकसरी आहे’ म्हणतो.

२. पहिली जागा: कणगी

साठवणीचे काम सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. उन्हाळ्यात भाज्या चिरून वाळवणे, वड्या घालणे, वर्षाची मिरची देठ काढून कोरडी करून भरणे, भरडाईत निघालेली कनकी वेगळी ठेवून तिची पेज करणे, कोंडा कोंबड्यांना, पेंढा बैलांना. धुऱ्यावर तूर लावायची म्हणजे वेगळी जमीन लागत नाही. रोजच्या भाताच्या तांदळातून एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची, ही रीत तर बचत गटांच्या कितीतरी आधीची. पावसाळ्यात जंगल उघडते: काटवल, तरोटा, कुड्याची फुले, सात्या. घरातला डबा रिकामा होऊ लागतो तेव्हा रानातले ताट वाढलेले असते, हा योग केवळ नशिबाचा नाही. रान राखले गेले म्हणून तो टिकला आहे.

पण साठवणीला मर्यादा आहे, आणि ती लाखोरी फार स्पष्ट दाखवते. धान उभे असतानाच ओलीवर फेकलेली लाखोरी जवळजवळ बिनखर्चाची येते, दुष्काळातही तग धरते. गरिबाची डाळ म्हणून तिच्यावर कितीतरी घरे जगली. मात्र महिनोन्महिने दुसरे काहीच न खाता फक्त तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, आणि ते पुन्हा बरे होत नाहीत. इतर धान्याबरोबर, अधूनमधून खाल्ली तर बाधत नाही. जी वस्तू घराला वाचवते तीच एकटी पडली की अधू करते. काटकसरीचेही हेच आहे असे मी मानते, आणि हे मी उपमेखातर लिहीत नाही. ज्या घराने सगळी भिस्त फक्त खर्च कमी करण्यावर ठेवली त्याचे आधी दूध जाते, मग डाळ, मग तेल, मग डॉक्टर, मग शाळेचे प्रवासभाडे. प्रत्येक कपात स्वतंत्रपणे शहाणपणाची दिसते. तीन वर्षांनी त्या घरातले माणूस कामाला पुरत नाही.

दुसरी मर्यादा डोक्याची. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. तामिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांच्या आकलनाच्या चाचण्या सुगीच्या आधी आणि नंतर घेतल्या होत्या. तोच माणूस सुगीआधी, हात रिकामा असताना, चाचणीत मागे पडत होता आणि पैसा आल्यावर पुढे जात होता. म्हणजे चणचण स्वतःच बुद्धीवर कर लावते. गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, असे सोयीने म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. माझ्या मुद्द्यासाठी त्यातून एवढे घ्यायचे: काटकसरीला लागणारे डोके नेमके चणचणीच्या दिवसांत थकलेले असते. त्या दिवसांत हिशेब एकट्याने करू नये. तो मोठ्याने, दुसऱ्यासमोर करावा. इथे मैत्री लागते, आणि ती मन हलके करण्याच्या कितीतरी पुढचे काम करते.

३. दुसरी जागा: शेजाऱ्याचे घर

आपल्याकडे शेजारून आलेले भांडे रिकामे परत करत नाहीत. पीठ आणलेल्या वाटीतून चार मिरच्या जातात, कालवण आलेल्या डब्यातून दोन काटवले जातात, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर. याला आपण शिष्टाचार म्हणून सोडून देतो. माझ्या मते हा फार विचारपूर्वक बांधलेला आर्थिक नियम आहे. घेतले तेवढेच मोजून परत केले तर हिशेब मिटतो, आणि हिशेब मिटला की दोन घरांत काही उरत नाही. थोडे जास्त परत केले की आता समोरच्याकडे काही राहते. तो पुढच्या वेळी परत करतो, तेही थोडे जास्त. खाते कधीच बंद होऊ द्यायचे नाही, हाच नियमाचा हेतू. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये देणग्यांवरच्या निबंधात देणे, घेणे आणि परतफेड या तिन्हींच्या बंधनाबद्दल लिहिले. केशोरीतल्या बाईला त्यांचे नाव माहीत नसेल, नियम पाठ आहे.

रोवणीच्या कामाचेही तसेच. मराठीत सावड आणि इर्जिक असे दोन शब्द आहेत. सावडीत आज मी तुझ्या बांधीत, उद्या तू माझ्या. इर्जिकीत सगळ्यांनी एकाच्या शेतात यायचे आणि त्याने जेवण घालायचे. पैशाने मजूर लावणे यामुळे संपलेले नाही, उलट वाढले आहे. पण ज्याच्याकडे रोख नाही त्याची रोवणी वेळेवर व्हायला आजही हाच मार्ग आहे, आणि रोवणी आठवडाभर लांबली तर तोटा काय होतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब घरांच्या पैशाच्या व्यवहारांची वर्षभर रोजनिशी ठेवून एक पुस्तक २००९ मध्ये निघाले. त्यातली सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट ही की अगदी थोड्या मिळकतीची घरेही एकाच वेळी अनेक मार्गांनी बचत आणि उसनवार करत होती, आणि नातेवाईक-शेजाऱ्यांतली बिनव्याजी देवघेव सगळ्यात जास्त वापरली जात होती. ही देवघेव कुठल्याही बँकेच्या कागदावर येत नाही. म्हणूनच सल्ला देणाऱ्यांना ती दिसत नाही, आणि ते बारशाचा आहेर ‘अनावश्यक खर्च’ या रकान्यात टाकतात.

केशोरीजवळच्या गोठणगावकडे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटी कुटुंबे हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकायला जातात, आणि त्या धंद्याची रीत अशी की माल लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचलायचा आणि हंगाम संपल्यावर पैसे चुकते करायचे. घरदार गमावून आलेल्या माणसांकडे तारण म्हणून द्यायला होते काय? शब्द होता. वर्षानुवर्षे पाळलेला शब्द हेच भांडवल झाले. तो पाळायला हंगामभर किती हात आखडून राहावे लागत असेल ते त्यांनाच ठाऊक. मैत्री आणि काटकसर यांची गाठ इतकी उघड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पूर्वेला छत्तीसगडात तर मैत्रीला विधीच आहे. मितान बदायचे, महाप्रसाद बदायचा, आणि मग दोन घरे पिढ्यान्‌पिढ्या सोयऱ्यासारखी वागतात. रक्ताच्या नात्यात असतात तशी कर्तव्ये आवडीने निवडलेल्या माणसाशी जोडून घेण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

आता एक भेद करायला हवा, नाहीतर माझे बोलणे लग्नातल्या उधळपट्टीच्या बाजूने वापरले जाईल. मांडव, वाजंत्री, फटाके, हुंडा हे परत येणारे देणे नाही. ते दाखवणे आहे, आणि त्यासाठी जमीन गहाण पडते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि लग्नाचा विधी साधा, कमी खर्चाचा केला. त्यांनी खर्च कापला, माणसे कापली नाहीत. उलट ज्यांना एका पंगतीत कुणी बसवत नव्हते त्यांना बसवले. कुठे कात्री लावायची याचा तो नमुना दीडशे वर्षे आपल्यासमोर आहे.

४. तिसरी जागा: जिवंत ठेव

शेळीला गरिबाची गाय म्हणायची जुनी सवय आहे. खरे तर ती गरिबाची बँक आहे, आणि बँकेपेक्षा तिचे काही गुण जास्त आहेत. पाच महिन्यांत विते, बहुधा जुळी देते, काटेरी झुडपावर जगते, आणि कुठल्याही आठवडी बाजारात एका दिवसात रोख होते. जमीन विकली तर सगळी जाते, सोने गहाण टाकले तर व्याज चढते. शेळी मात्र एक विकली तरी मागे दोन राहतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. कोंबडी त्याहून लहान नोट: अंडे म्हणजे सुटे पैसे, कोंबडी म्हणजे अर्जुनीच्या दवाखान्यापर्यंतचे जाण्या-येण्याचे भाडे.

या ठेवीची खरी खुबी अर्धलीत आहे. ज्याच्याकडे शेळ्या आहेत पण राखायला हात नाहीत तो आपली शेळी दुसऱ्याला सांभाळायला देतो, आणि होणारी पिले दोघे निम्मी-निम्मी घेतात. कुणी हिला बटई म्हणते. दुसऱ्याकडे एक पैसाही नसताना तो दोन वर्षांत शेळ्यांचा मालक होतो. व्यवहार लिहून ठेवलेला नसतो. पिलू मेले तर खरेच मेले की विकले, हे केवळ विश्वासावर चालते. मैत्री नसेल तर ही शेळी येत नाही. काटकसर नसेल तर ती पहिल्याच पोळ्याला विकली जाते. तिन्ही जागा इथे एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

उलट बाजूनेही पाहावे. जनावर असलेल्या घराला शेजारी लागतोच. पूर्व विदर्भातून मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. स्वतः मिरचीच्या गावची माणसे दुसऱ्याची मिरची तोडायला महिना-दोन महिने जातात, यात जे दुःख आहे ते वेगळे लिहायला हवे. त्या काळात दारातल्या शेळीला, कोंबड्यांना कोण पाहणार? ज्याचे घर उघडे आहे तो. त्यामुळे जनावर ठेवणारे घर भांडण ताणत नाही, बोलणे तोडत नाही. मैत्री टिकवायला सद्भावना पुरत नाही, गरज लागते, आणि ती गरज जनावर रोज सकाळ-संध्याकाळ निर्माण करते.

बैलाबाबत मात्र आपण गोंधळ घातला आहे. राज्यात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल, वळूही त्यात आले. तोवर म्हाताऱ्या बैलाची किंमत नव्या जोडीत मिसळत असे. तो मार्ग बंद झाला, आणि काम न करणाऱ्या जनावराचा चारा त्याच घरावर पडला. शेतकऱ्याचे बैलावर प्रेम नाही असे पोळा पाहिलेला माणूस म्हणणार नाही. पण प्रेमाला पेंढाही लागतो. कायद्याने भावना मोजली, पेंढा मोजला नाही. ट्रॅक्टर भाड्याने घेणे सोपे झाले आणि गोठे रिकामे होत गेले, त्याच्या कारणांत हेही एक आहे असे मला वाटते.

५. आणि कुत्रे?

कुत्रे विकले जात नाही, दूध देत नाही, अंडे देत नाही. मग अडचणीत त्याला घास का घालायचा? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आतापर्यंतचा माझा हिशेब इथे अडतो.

पहिले उत्तर उपयोगाचे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला, आणि आमचा सगळा पट्टा बिबट-वाघाच्या वाटेवर आहे. २०२१ मध्ये गडचिरोलीत आलेला रानटी हत्तींचा कळप पुढच्या वर्षी अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरला, धान तुडवले, जंगलातल्या वस्तीवरची घरे मोडली. अशा मुलखात रात्री पहिला आवाज कुत्र्याचाच असतो. शेळी ही ठेव असेल तर कुत्रे तिचा राखणदार.

पण हे उत्तर पुरत नाही. गावात अशीही कुत्री पोसली जातात जी म्हातारी झाली आहेत, भुंकतही नाहीत. तिथे दुसरे काही चालू असते. मुले बाहेरगावी मजुरीला गेलेली, घरात एकटे म्हातारे माणूस. अशा माणसाला आपण कुणाला तरी लागतो, ही जाणीव भातापेक्षा कमी गरजेची नसते. चार शिते खाली टाकायची असतात म्हणून ते चूल पेटवते. चूल पेटली म्हणून स्वतः दोन घास खाते. एकट्या माणसाचे जेवण आधी सुटते, आजार मागून येतो, हे ज्यांनी घरातले म्हातारपण जवळून पाहिले त्यांना सांगायला नको. कुत्र्याला घातलेला घास त्या घरात वाया गेलेला नसतो, भले त्याची किंमत कुठल्या रकान्यात मांडता येत नसेल. मला ती मांडता येत नाही, आणि तरीही तो घास बंद करा असे मी कुणाला सांगणार नाही.

६. आक्षेप

*सगळ्यांवर एकदम आले तर?* हा आक्षेप खरा आहे. एका घरात आजार आला तर शेजारी देतो, पण २०१७ मध्ये तुडतुड्याने भंडारा-गोंदियातले धान खाल्ले तेव्हा शेजाऱ्याचीही बांधी जळाली होती. २०२० च्या टाळेबंदीत मजुरी सगळ्यांचीच गेली. जनावराची ठेवही अशा वेळी दगा देते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात इथिओपियाच्या वोलो प्रांतातल्या दुष्काळाचा अभ्यास मांडला. तिथल्या पशुपालकांचे नुसते पशू मेले नाहीत, उरलेल्यांच्या बदल्यात मिळणारे धान्यही घटले, कारण सगळेच एकदम विकायला निघाले. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत आपल्याकडे गुरांचे बाजारच बंद ठेवावे लागले.

याला गावाचे जुने उत्तर लांबच्या सोयरिकीचे. इक्रिसॅट या संस्थेने सत्तरच्या दशकापासून सोलापूर, अकोला आणि तेव्हाच्या आंध्रातल्या गावांत घरोघरच्या नोंदी ठेवल्या. त्यावरून रोझेन्झ्वाइग आणि स्टार्क या अभ्यासकांनी १९८९ मध्ये दाखवले की मुली दूरच्या, वेगळ्या पाऊसपाण्याच्या गावांत दिलेल्या असतील तर पीक बुडाल्यावरही त्या घरांचे खाणेपिणे कमी डगमगते. (त्यासाठी मुलीला काय सोसावे लागते हे या आकड्यांत नाही, आणि ते विसरून चालणार नाही.) पण पूर्ण उत्तर शासनाचेच आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून माणशी पाच किलो, अंत्योदयाच्या घराला पस्तीस किलो धान्य ठरले, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. राबणाऱ्या माणसाला पाच किलो महिनाभर पुरत नाही, तरी भाद्रपदाचे रूप या धान्याने बदलले. शेजारधर्म आहे म्हणून शासनाने हात झटकावेत, असे कुणी माझ्या लेखातून काढू नये. रेशन आहे तिथे शेजारीही देऊ शकतो, कारण त्याचे मडके रिकामे नसते.

*घराची काटकसर म्हणजे बाईची उपासमार नव्हे का?* फार वेळा, होय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा वाढलेला होता. खरकट्या पातेल्यातले जे उरेल ते आपले, हे आमच्या आया-आज्यांनी कौतुकाने केले आणि आपण कौतुकाने लिहिले. मी ते कौतुक थांबवायला सांगते. बंद दाराआड केलेली काटकसर अखेर घरातल्या सगळ्यात गप्प माणसाच्या अंगावर जाते. दार उघडे असेल, बाई उसनवारीला, गटाला, रानभाजीला चौघींबरोबर बाहेर पडत असेल, तर निदान चौघींना तिचे तोंड दिसते आणि कुणीतरी विचारते.

गटाचाही धोका मला ठाऊक आहे. बचतीसाठी जमलेल्या बायकांच्या ओळखीवरच कर्ज देणाऱ्या कंपन्या दारात आल्या. एकीची किस्त थकली की बाकीच्यांनी तिच्या दारात बसायचे. मैत्रीलाच तारण म्हणून जप्त करण्यासारखे आहे हे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला की अशा घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज मिळकतीच्या निम्म्याहून जास्त नसावी. नियम चांगला आहे, पण मिळकत कशी मोजायची? रोवणीतला महिना धरला तर एक उत्तर येते, भाद्रपद धरला तर दुसरे.

*ही वाटी कुणाच्या घरापर्यंत जाते?* तिन्हींत हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. उसनवारीची वाट जातीच्या वस्तीशी थांबत आली आहे. कुणाच्या घरचे कच्चे चालते, शिजलेले चालत नाही. कुणाचे पाणीही चालत नव्हते. मैत्रीच्या अर्थव्यवस्थेचे गोडवे गाताना हे लपवले तर सगळे लिखाण खोटे होईल. ज्यांच्या वस्तीत सगळेच भूमिहीन, त्यांनी एकमेकांना उसने द्यायचे तरी काय? डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बंधुतेला स्वातंत्र्य आणि समतेच्या बरोबरीने ठेवले, एकाला दुसऱ्यापासून तोडता येणार नाही असे मांडले. बंधुता हा शब्द आपण शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा म्हणून टाकतो. गावात त्याचा अर्थ फार साधा आहे: कुणाच्या वाटीत कुणाचे कालवण जाते. जिथे ते जात नाही तिथे कणगीही लहान राहते आणि अर्धलीची शेळीही येत नाही.

७. कापायचे तर कोणत्या क्रमाने

वरचे सगळे मान्य असेल तर घरात पैसा आटल्यावर कपातीचा क्रम बदलतो. आधी दिखावा जावा, मग सोय, मग चव. पाहुण्याचा चहा, शेजारचा आहेर, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारात आलेल्या पोरांचा बोजारा हे लहान होऊ द्यावे, बंद होऊ देऊ नये. आहेराला शंभराचे दहा झाले तरी चालतात, जाणे झाले पाहिजे. माजावर आलेली शेळी शेवटी विकावी, बोकड आधी. बाईचे ताट आणि पोराचे दूध यांना हात लावायचा नाही. तिथवर वेळ आली तर काटकसर थांबवून मागावे: नातलगाकडे, गटाकडे, ग्रामपंचायतीत काम मागावे. मागण्याची लाज वाटते ती आपण आयुष्यभर काटकसर म्हणजे सद्गुण आणि मागणे म्हणजे कमीपणा असे शिकलो म्हणून. ज्याने आधी दिले आहे त्याच्या मागण्यात कमीपणा नसतो, आणि ज्याला देण्याची संधीच मिळाली नाही त्याचा तर हक्कच आहे.

व्यवस्थेकडूनही दोन गोष्टी हव्यात, आणि त्या अवघड नाहीत. गटाच्या आणि कंपन्यांच्या किस्ती दरमहा सारख्या ठेवण्याऐवजी धान, मोहफूल आणि तेंदूपत्त्याचा पैसा हातात येतो त्या दिवसांशी बांधाव्यात, आणि ऑगस्ट-सप्टेंबर मोकळे सोडावेत. शेळ्यांची पीपीआरची आणि कोंबड्यांची मानमोडीची लस पावसाआधी, टोल्याटोल्यावर जाऊन द्यावी. लस चुकली आणि रोग आला की एका आठवड्यात खुराडे रिकामे होते, आणि त्यानंतर तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन अर्जुनीला जायचे भाडे कुठून आणायचे, हा प्रश्न त्या घरात रात्री दहा वाजता उभा राहतो.